ताज्या पाण्याचं माप

वर्गात मुलं एकवीस होती, बाकं आठ. एका बाकाचा पाय मोडलेला होता, म्हणून त्याखाली विटा तीन. खिडक्या दोन, त्यांतली उघडणारी एकच. फळ्यावर मुलांचे प्रश्न सतरा, आणि ते लिहिण्यात संपलेले खडू दीड. उरलेल्या चार मुलांपैकी दोघं झोपली होती, एकाला जगात काहीच विचारण्यासारखं वाटत नव्हतं, आणि एक मुलगी हात वर करून पुन्हा खाली घेत होती. आतापर्यंत तीन वेळा.

बाईंना मोजायची सवय होती. मोजलं की त्यांच्या जिवाला जरा थारा मिळे. एरवी त्यांचा पाय एका जागी ठरत नसे. उभ्या राहिल्या तरी टाच हलत असायची, बसल्या तर हातातल्या खडूचा भुगा व्हायचा.

गेल्या महिन्यात तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं, की शिक्षकानं उत्तर द्यायचं नाही. मुलांनी विचारायचं, मुलांनीच अंदाज बांधायचा, मुलांनीच करून बघायचं. बाईंना ते मनापासून पटलं होतं. हेडमास्तरांनाही पटलं होतं, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंतच. "सहामाहीला हे प्रश्न येणार आहेत का?" असं विचारून ते गेले होते.

फळ्यावर काय नव्हतं? शेळीला पुढचे वरचे दात का नसतात. भिजलेला शर्ट काळा का दिसतो. हेडमास्तरांच्या डोक्यावर फक्त कडेनंच केस का आहेत. हा तिसरा प्रश्न बाईंनी बारीक अक्षरात लिहिला होता.

चौथ्यांदा हात वर गेला तेव्हा बाई म्हणाल्या, "बोल गं, ठिणगी. हात दुखेल."

मुलीचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण सगळे तिला ठिणगीच म्हणत. ती उभी राहिली, खिडकीकडे बघत एका दमात बोलली, "आमच्या पाळीला वाटी लवकर बुडते. का?"

झोपलेल्या दोघांपैकी एक जागा झाला. एकवीसच्या एकवीस मुलांना माहीत होतं की वाटी कुणाच्या हातात असते, आणि तो माणूस बाईंचा कोण लागतो.

बाईंनी खडू उचलला. "लवकर म्हणजे किती?"

"आई म्हणते, लवकर."

"आई म्हणते हे उत्तर झालं का?"

"नाही."

"मग मोज," बाई म्हणाल्या आणि अठरावा प्रश्न फळ्यावर लिहिला. अक्षर जरा वाकडं आलं. पण आतून त्या निर्धास्त होत्या. मोजलं की सगळ्या वाट्या सारख्या निघतील, पोरीची शंका फिटेल आणि तिच्या आईचं तोंडही बंद होईल, असं त्यांना वाटलं.

गावातलं पाणी वाटीनं वाटलं जाई. पाटाच्या तोंडाशी दगडी ओटा होता, त्यावर पितळेचं मोठं पातेलं. पातेल्यात पाटाचं पाणी भरायचं आणि त्यावर तांब्याची वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला सुईएवढ्या भोकाची नळी डाग देऊन बसवलेली. तिच्यातून पाणी वर येई, वाटी भरत भरत जड होई आणि शेवटी पातेल्याच्या तळाला ठण् करून आपटे. ती एक वाटी. सहा वाट्या म्हणजे एका शेताची पाळी. दिवसाला पाच पाळ्या, संध्याकाळी पाणी तळ्याकडे वळवायचं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्या शेतापासून सुरुवात. ज्याची सकाळ त्याची कायम सकाळ, ज्याची दुपार त्याची कायम दुपार.

मनगटी घड्याळं आली तेव्हा गावानं घड्याळावर पाणी वाटून पाहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात सात घड्याळं सात वेळा दाखवू लागली आणि दोघांची डोकी फुटली. वाटी गावात एकच होती, तेव्हा सगळे मुकाट तिच्याकडे परत आले. मोबाइल आले तरी वाटी राहिली.

ती वाटी तीस वर्षं बाईंच्या सासऱ्यांच्या हातात होती. घरात ते आबा, गावाला मापारी आबा. प्रत्येक पाळीच्या आधी ते पातेलं उपडं करत, पुसत आणि पाटाचं नवं पाणी भरत. "शिळ्या पाण्यानं माप धरायचं नाही," असं ते म्हणत. त्यांच्या आधीचा मापारी दिवसभर एकच पाणी ठेवायचा. त्यात कचरा पडायचा, नळी तुंबायची आणि भांडणं व्हायची. आबांनी पाणी बदलायला सुरुवात केली आणि भांडणं थांबली. त्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या कशाचा असावा असं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतंच.

यंदा पाटाला निम्मंच पाणी होतं, म्हणून एकेक वाटी लोकांच्या डोळ्यावर येत होती.

घरची पाळी आली त्या दिवशी बाई उजाडताच साडी खोचून वावरात उतरल्या. घेवडा फुलावर होता. नवरा खोऱ्यानं एकेका सरीचं तोंड फोडत पुढे जाई, बाई मागून चिखलानं भिजलेल्या सरीचं तोंड बुजवत. पाणी असं गार, की घोट्यापर्यंत पाय आपले वाटेनासे झाले. ओट्यावरून आबांचा आवाज येई, "एक!" मग बऱ्याच वेळानं, "दोन!"

"आज तरी वाटी सावकाश बुडू दे रे बाबा," नवरा म्हणाला.

"वाटी कुणाचं ऐकते का?"

"तुझ्या वर्गातल्या पोरींचं ऐकत असेल. बघ, सकाळी सकाळी येऊन बसल्यात."

ओट्याच्या पायरीवर ठिणगी आणि तिची मैत्रीण बसल्या होत्या. बाईंचा मोबाइल ठिणगीच्या हातात, मैत्रिणीच्या मांडीवर वही. आबा मजेत होते. "मोजा, मोजा. माझी परीक्षा घ्या. पास झालो तर गूळ कोण देणार?"

सहावी वाटी वाजली तेव्हा पाणी शेवटच्या सरीत शिरून तिचं टोक काळं होत होतं. "सहा! पाणी सोडा!" नवऱ्यानं खोरं मारून तोंड बुजवलं आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "पोचलं. अगदी काठावर."

बाई ओल्या पायांनीच शाळेत गेल्या. बोटांच्या बेचक्यांतला चिखल प्रार्थनेपर्यंत वाळला नाही.

दुपारी चौथी पाळी ठिणगीच्या घरची. शाळा सुटायच्या आधीच बाईंनी दोघींना सोडलं. तीन वाजता दोघी धावत परत आल्या. ठिणगीनं वही उघडली.

सकाळी सहा वाट्या: एकेक चोवीस मिनिटांच्या आगेमागे, दहा सेकंदांहून जास्त फरक कुठेच नाही. दुपारी सहा वाट्या: एकेक साडेएकोणीस.

"बटण उशिरा दाबलं असेल," बाई म्हणाल्या.

"साडेचार मिनिटं उशिरा?" ठिणगीनं विचारलं.

उत्तर द्यायचं नाही असं प्रशिक्षणात सांगितलं होतं खरं, पण नसल्यावर कसं वाटतं ते सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः गेल्या. तिसऱ्या दिवशीही, आणि चौथ्या. सकाळी शाळेआधी, दुपारी जेवणाची सुट्टी ताणून. कधी आबांना डबा द्यायच्या निमित्तानं, कधी निमित्त नसतानाच. चोवीस, साडेएकोणीस. चोवीस दहा, एकोणीस चाळीस. रोज तेच. रात्री भाकरी थापताना त्या मनातल्या मनात सहांनी गुणत आणि तव्यावरची भाकरी करपत असे.

आता त्या आबांच्या हातांकडे बघू लागल्या. वाटी सोडताना अंगठा काठावर दाबतो का? पाण्यावर टेकवतात की जरा आत ढकलतात? दुपारची पाळी घेणारी माणसं खालच्या आळीची. सकाळची वरच्या आळीची. आणि पहिली पाळी कुणाची? हा विचार मनात आला की त्या उठून उगाच पाटाच्या काठानं चालून येत.

पाचव्या दिवशी आबांनी वाटी सोडली, हात पाण्याबाहेर काढला आणि दोन्ही तळवे सुनेसमोर धरले. म्हाताऱ्या बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतलेली होती.

"बघ," ते म्हणाले. "जवळून बघ. लांबून नीट दिसत नसेल."

"आबा, तसं नाही..."

"मग कसं? चार दिवस माझ्या हातावर नजर ठेवून आहेस, सूनबाई. डबा द्यायला येतेस आणि डबा हातातच राहतो."

पायरीवर बसलेल्या दोन बायका माना खाली घालून ऐकत होत्या. बाईंनी डबा ओट्यावर ठेवला. वाटी ठण् करून वाजेपर्यंत दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

"एक," आबा म्हणाले. नेहमीसारखं ओरडले नाहीत.

वही बाईंकडे होती, पण आकडे ठिणगीला तोंडपाठ होते. आठवडा संपायच्या आत ठिणगीची आई ओट्यावर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा गवताचा भारा तिनं खाली टाकला, तोही आबांच्या पायाशी.

"काय हो मापारी, आमच्या वाटीला घाई कसली असते? तिला कुठे जायचं असतं?"

"काय बोलतेस?"

"मी कुठे बोलतेय? तुमच्या सुनेची शाळा बोलतेय. सकाळी चोवीस, दुपारी साडेएकोणीस. माझ्या पोरीनं तुमच्या डोळ्यांदेखत मोजलंय. खालच्या सऱ्यांत माझा घेवडा उभा वाळला. मी म्हणायची, माझं नशीब. नशीब कसलं, अंगठा होता!"

लोक जमले. कुणी म्हणालं, बाई, तोंड सांभाळ. कुणी म्हणालं, आकडे खोटे कसे असतील. पाण्याचा कारभार बघणारे पाच पंच होते. त्यांनी पाळ्यांची पुढची फेरी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शेवटची पाळी संपल्यावर बैठक ठरवली. तोवर वाटी आबांकडेच राहणार होती, पण पायरीवर पंचांचा एक माणूस बसणार होता. हात बघायला.

शाळेत हेडमास्तरांनी बाईंना बोलावलं. "शोध वर्गात घ्यायचा असतो, बाई. तुम्ही गावात घेतलात."

"प्रश्न वर्गातच आला होता, सर."

"तर वर्गातच मारायचा ना! माझ्या केसांचा प्रश्न मारलात तसा."

घरी नवरा दोन दिवस आपलं ताट आपणच वाढून घेत होता. तिसऱ्या दिवशी गोठ्यात शेण ओढता ओढता म्हणाला, "बापाच्या पायरीवर माणूस बसवलास."

"मी बसवला नाही."

"मोबाइल कुणाचा होता?"

आबा जेवायला बसत आणि अर्ध्यावर उठत. पंचांचा माणूस दिवसभर त्यांच्यासमोर बसून दात कोरत असे. आबा वाटी सोडताना आता दोन बोटांनी, लांबूनच सोडत, विंचू सोडावा तशी. तरी आकडे हलले नाहीत. पंचांच्या माणसानं हात धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आहे असं सांगितलं. तेव्हा लोक म्हणाले, म्हातारा मुरलेला आहे.

ते ऐकलं आणि बाई एकदम थांबल्या. बोटं बदलली तरी आकडा बदलत नाही. मग बोटांचा दोष कसा?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा पुसला आणि अठरावा प्रश्न मधोमध लिहिला. "सकाळी आणि दुपारी काय काय वेगळं असतं? सगळं सांगा. वेडंवाकडं असलं तरी चालेल."

वारा. ऊन. सावली. आबांची भूक. वाटी थकते. पाणी मळकं होतं. मासे. मासे म्हणणाऱ्याला सगळे हसले, पण बाईंनी मासेही लिहिले.

"आता एकेक बदलून बघायचं. एका वेळी एकच. दोन बदललं तर कळणार नाही कुणामुळे झालं."

वाट्या मुलांनीच केल्या. दुधाच्या पावडरचे रिकामे डबे खालून तीन बोटांवर कापले, बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, त्यात संपलेल्या पेनाच्या कांडीचा तुकडा घातला आणि कडेनं मेण लावलं. पहिले तीन डबे तिरपे होऊन बुडाले. चौथा सरळ बुडाला तेव्हा वर्गानं एवढा ओरडा केला, की हेडमास्तर दारात येऊन गेले.

हात बदलले. दहा मुलांनी दहा वेळा वाटी सोडली, आकडा तोच. पुठ्ठ्यानं वारा घातला, तोच. पाण्यात चिमूटभर माती ढवळली, तोच. मोठी मोजणी करता करता माठातलं पाणी संपलं, म्हणून जो मुलगा काहीच विचारत नसे तो बाहेर गेला आणि पत्र्यावरच्या काळ्या टाकीच्या नळाचं बादलीभर पाणी घेऊन आला. वाटी सोडली. सगळे आपापसात बोलत होते, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बुडाली," तो मुलगा म्हणाला.

"इतक्यात?"

"टाकीचं पाणी जास्त पळतं, बाई."

बाईंनी बादलीत हात घातला. पाणी कोमट होतं. मग हात माठाच्या तळाशी उरलेल्या ओलीला लावला. त्या खाली, जमिनीवरच बसल्या. टाच हलत नव्हती.

त्यांनी दूध गोळा करणाऱ्याकडून थर्मामीटर मागून आणला. पुढचे दोन दिवस मुलांनी गार पाणी, कोमट पाणी, त्यांच्यामधलं पाणी, सगळं करून पाहिलं. प्रत्येक वेळी तीनदा. ठिणगी सगळ्यांत हट्टी. तिला पटत नव्हतं. "तुम्हाला आबांना सोडवायचंय म्हणून," असं ती बाईंच्या तोंडावर म्हणाली, आणि मग दुसऱ्या कुणाला हात लावू न देता एकटीनं नऊ वेळा मोजलं. दहाव्या वेळी तिनं मोबाइल खाली ठेवला.

"गार पाणी नळीतून सरकायला कंटाळतं," ती हळूच म्हणाली. मग ओरडली, "आणि आबा प्रत्येक पाळीला पाणी बदलतात!"

त्या दिवशी दिवेलागणीला आबा अंगणात बसून राखेनं वाटी घासत होते. बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. पहाटे पाट गार, दुपारी तापलेला. नळी बारीक. गार पाणी सावकाश चढतं, कोमट भरभर चढतं. हाताचा काही संबंध नाही.

आबा घासायचे थांबले. "म्हणजे मी चोर नाही."

"नाही, आबा."

"पण चोरी झाली."

बाईंनी दिवा जवळ सरकवला.

"पाणी बदलायचं मी सुरू केलं. आधीचा बदलत नव्हता." त्यांनी वाटी उलटी करून नळी दिव्याकडे धरली. "किती गेलं त्यांचं?"

"एका पाळीला सत्तावीस मिनिटं. सकाळच्याशी ताडून पाहिलं तर."

"तीस वर्षं," आबा म्हणाले. त्यांनी पुढचा हिशेब केला नाही, किंवा केला असेल तर सांगितला नाही.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "उद्या पंचांसमोर हे बोलायचं नाही," तो म्हणाला. "पंचांचा माणूस हात स्वच्छ आहे म्हणालाय. तेवढ्यावर सुटतील आबा. वाटीला हात लावू नका. घेवडा फुलावर आहे. पाणी आत्ताच आखडलंय. आपली पाळी सकाळची आहे, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"काय कळतंय?"

"पहिल्या दिवसापासून कळतंय हो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर झोप लागत नाही."

"आणि हात चोर ठरला तर एक म्हातारा जाईल," आबा मधेच म्हणाले, कुणाकडेही न बघता. "वाटी चोर ठरली तर पुन्हा सात घड्याळं. डोकी फुटलेली मी पाहिलीत. एकाचं मीच बांधलं होतं." ते उठले, वाटी पदराखाली मूल घ्यावं तशी छातीशी धरून आत गेले. काय ठरवलं, ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेवटची पाळी पावणेपाचला संपली. पाणी तळ्याकडे वळलं. ओट्याभोवती साठ-सत्तर माणसं होती. पुढे वर्गातली एकवीसच्या एकवीस मुलं, कारण शोध त्यांचा होता. हेडमास्तरही आले होते आणि आपण योगायोगानं आलो आहोत असा चेहरा करून उभे होते.

पंचांनी विचारलं, "मापारी, काय म्हणणं आहे?"

आबा उभे राहिले. उपरण्याला हात पुसले. बाईंचे हात वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत होते. आत्ता आबा "माझा हात स्वच्छ" म्हणून खाली बसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं, आणि तसं झालं तर आपण उठून बोलू का, हे बाईंना स्वतःलाच सांगता येईना.

"मी बोलत नाही," आबा म्हणाले. "वाटी ह्या बाईच्या हातात द्या."

ठिणगीच्या आईकडे वाटी गेली. तिनं ती उलटसुलट पाहिली, नळीत फुंकर मारली.

"सोड. तुझ्या हातानं," आबा म्हणाले. "आधी ह्या पाण्यात."

दोन पातेली होती. एकात मुलांनी पहाटे पाटातून भरून, ओल्या पोत्यांत गुंडाळून शाळेच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं पाणी. दुसरं रिकामं. ठिणगीनं थर्मामीटर बुडवून वाचला, "पंधरा." आईनं वाटी सोडली, आणि लोक गप्प उभे राहिले. गप्प उभं राहून काहीही न करता तेवीस मिनिटं काढणं सोपं नसतं. एकाला खोकला आला तर सगळे त्याच्याकडे रागानं बघू लागले.

ठण्.

"बावीस मिनिटं पन्नास सेकंद."

मग दुसरं पातेलं पाटात बुडवून भरलं. "सत्तावीस," ठिणगी म्हणाली. आईनं पुन्हा त्याच बोटांनी वाटी सोडली. ह्या वेळी ती वाटीवर वाकून बसली, जणू डोळ्यांनी तिला वर धरून ठेवणार होती.

ठण्.

"एकोणीस चाळीस."

"माझ्या हातानं," ठिणगीची आई म्हणाली. ती आपली बोटं बघत होती. मग तिनं आबांकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

खालच्या आळीतून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे आमचं पाणी गेलं ते गेलंच ना!" वरच्या आळीतून उत्तर आलं. आवाज चढले. एकानं खिशातून मोबाइल काढला, "आजपासून ह्याच्यावर!" दुसऱ्यानं आपला काढला. दोन मोबाइलांत मिनिटाचा फरक निघाला आणि मागून हशा पिकला.

"थांबा," आबा म्हणाले. ते ओट्यावरून उतरले, भिंतीला टेकवलेलं खोरं घेतलं आणि ओट्याच्या उत्तरेला, जिथं दिवसभर सावली असते तिथं, जमिनीत घातलं. "पातेलं इथं पुरायचं. गळ्यापर्यंत. वर झाकण. संध्याकाळी एकदा पाणी भरायचं, गाळून. दुसऱ्या दिवशी पाचही पाळ्या त्याच पाण्यावर. सकाळला तेच, दुपारला तेच."

"शिळ्या पाण्यावर?" पंचांनी विचारलं.

"शिळ्या पाण्यावर," आबा म्हणाले आणि दुसरा घाव घातला. जमीन कडक होती, खोरं उसळलं. तिसऱ्या घावाला त्यांचा दम लागला. बाईंच्या नवऱ्यानं गर्दीतून पुढे येऊन त्यांच्या हातातलं खोरं जवळजवळ हिसकावलंच. "सरका," तो म्हणाला. तोंड फुगलेलं होतं, पण खड्डा त्यानं नीट खणला, आणि गळ्यापर्यंतच्या खुणेसाठी पातेलं दोनदा उतरवून पाहिलं. मुलं मातीचे ढिगारे लोटत होती. तळ्याकडे जाणाऱ्या पाण्यातून आबांनी स्वतःच्या उपरण्यानं गाळून पातेलं भरलं.

सकाळी पहिली पाळी घरचीच होती. बाई उजाडता वावरात उतरल्या. पाटाचं पाणी नेहमीसारखंच बर्फ. ओट्याकडून थर्मामीटर वाचणाऱ्या ठिणगीचा आवाज आला, "एकोणीस!" मग बऱ्याच वेळानं आबांचा, पुन्हा पूर्वीसारखा मोठ्यानं, "एक!"

नवरा सऱ्या फोडत घाई करत होता. एका सरीचं पाणी टोकाला पोचायच्या आत तो दुसरीचं तोंड उघडी. बाई मागून बुजवताना चिखलात दोनदा घसरल्या. कोपर खरचटलं. बोलायला कुणाला फुरसत नव्हती. पाचवी वाटी वाजली तेव्हा नवऱ्यानं मान वर करून पुढचं वावर बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"सहा! पाणी सोडा!"

खोरं मारून त्यानं तोंड बुजवलं. वावरात येणाऱ्या वहाळीतलं पाणी थांबलं, मग उतरलं, मग तळाचे खडे दिसू लागले. तो बांधावर बसला आणि पायाच्या बोटांतला चिखल काढू लागला.

ठिणगी वही घेऊन बांधावरून पळत आली. "बाई, सहाही वाट्या! एकवीस चाळीसच्या आगेमागे. एकूण एकशे तीस मिनिटं." मग ती थांबली आणि तिनं वावराकडे बघितलं. "इथलं किती लिहू?"

बाईंनी ओल्या हातानं पेन घेतलं नाही. त्या पहिल्या सरीपाशी गेल्या आणि तिथून प्रत्येक सरीच्या टोकाला वाकून, मातीत बोट खुपसून बघत शेवटपर्यंत चालत गेल्या. मग उलट, शेवटापासून पहिलीपर्यंत. दोन्ही वेळा सारखंच आलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "सऱ्या बेचाळीस. भिजलेल्या अडतीस."